उल्हास नदी, जलपर्णी आणि विषाचा फवारा

कल्याणचे प्राचीन बंदर ज्या उल्हास नदीच्या खाडीवर भरभराटीस आले, त्या नदीचे पात्र मोहने गावाजवळ अलीकडे वारंवार हिरवे झालेले दिसते. हा हिरवेपणा जलपर्णीचा होय. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती देशोदेशीच्या बागांत नेली. आणि बंगालचे जलमार्ग तिने असे ग्रासले की, १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

विष फवारून तिचा नाश करण्याची कल्पनाही नवी नव्हे. अमेरिकेत १९०२ नंतर सोमलाचे द्रावण नद्यांवर फवारले गेले. जलपर्णी मेली खरी, पण ती खाऊन गुरेही दगावली; तेव्हा १९०५ साली फ्लोरिडात गुरांस घातक अशा द्रव्यांस कायद्याने बंदी झाली.

पुढे सोमलाची जागा नव्या तृणनाशकांनी घेतली. उल्हास नदीसाठी ग्लायफोसेटचा उपाय पुढे आला, त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. यंत्राने जलपर्णी काढणे खर्चाचे, आणि ती पुन्हा वाढते. पण ह्याच नदीचे पाणी शहाड-टेमघरच्या योजनेतून ठाण्याच्या घरांत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली ह्या द्रव्यास ‘संभाव्य कर्कजनक’ ठरविले. भारत सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध घातले. नागरिकांची शंका म्हणूनच भाबडी म्हणता येत नाही. शिवाय मेलेली जलपर्णी तळाशी कुजते, पाण्यातील प्राणवायू संपविते. आणि काठच्या वस्त्यांचे जे सांडपाणी तिचे खत होते, ते तसेच वाहत राहते.