आयव्हर्सन, ॲलन

जन्म ७ जून १९७५, हॅम्प्टन (व्हर्जिनिया). अमेरिकन बास्केटबॉलपटू. उंची कागदोपत्री सहा फूट. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत १९९६ ते २०१० या काळात फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स, डेन्व्हर नगेट्स, डेट्रॉइट पिस्टन्स आणि मेम्फिस ग्रिझलीज या संघांकडून खेळला. चार मोसमांत प्रतिसामना सर्वाधिक गुणांचा मान आणि २००१ चा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब त्याच्या नावावर आहे. तरीही त्याच्याविषयीची चर्चा बहुधा दोन प्रश्नांवर येते : तो सहकारी म्हणून कसा होता, आणि इतका मोठा खेळाडू दीड-दोन वर्षांत एवढा कसा ढासळला?

शाळेत असताना, १९९३ मध्ये, हॅम्प्टनमधील एका बोलिंग केंद्रात झालेल्या मारामारीवरून त्याला तुरुंगवास झाला. चार महिन्यांनी गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी सुटका केली. पुढे १९९५ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षाच रद्द ठरवली. जॉर्जटाउन विद्यापीठाकडून दोन वर्षे खेळून १९९६ च्या निवडीत तो पहिल्या क्रमांकाने फिलाडेल्फियाकडे गेला. पहिल्याच मोसमात मायकेल जॉर्डनला क्रॉसओव्हर ड्रिबलने चकवून त्याने केलेली बास्केट आजही दाखवली जाते.

‘स्वार्थी खेळाडू’ हा शिक्का पडायला आकड्यांनीच हातभार लावला. २००१–०२ च्या मोसमात तो सामन्यामागे जवळपास २८ वेळा बास्केटवर फेक करी आणि त्यांतल्या ४० टक्केही आत जात नसत. डेव्हिड बेरी व त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पुस्तक लिहून मांडले की गुणांच्या राशीमुळे आयव्हर्सनची किंमत वाजवीपेक्षा जास्त लावली जाते. हिशेब म्हणून हे चूक नाही. पण त्या संघात दुसरे कोणी फेक करणारे होते का, हे त्या हिशेबात नीट उतरत नाही. २००१ चा फिलाडेल्फिया संघ प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी मुद्दाम तसाच बांधला होता : एरिक स्नो, ॲरन मकी, जॉर्ज लिंच, मोसमाच्या मध्यात आलेला डिकेम्बे मुटोम्बो, सगळे बचावात घाम गाळणारे, आणि गुणांचा भार एकट्यावर. या संघाने ५६ सामने जिंकले. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात आयव्हर्सनने ४८ गुण करून लॉस एंजेलिस लेकर्सला हरवले. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांत लेकर्सची ती एकमेव हार. पुढचे चारही सामने लेकर्सने जिंकले. स्वार्थी माणसासाठी चार जण असे राबत नाहीत, असे म्हणायला जागा आहे.

सरावाच्या बाबतीत मात्र त्याची बाजू लंगडी आहे. दांडी मारणे, उशिरा येणे यावरून ब्राउन यांच्याशी खटके नेहमीचे. ७ मे २००२ रोजी पत्रकारांसमोर ‘सराव’ हा शब्द तो पुनःपुन्हा उच्चारत राहिला. ती चित्रफीत पुढे थट्टेचा विषय झाली. त्याच बैठकीत त्याने मारल्या गेलेल्या जिवलग मित्राचा उल्लेख केला होता, तो फारसा कोणी ऐकला नाही. २००४ मध्ये दुखापतीनंतर परतताना प्रशिक्षक ख्रिस फोर्ड यांनी बाकावरून खेळ म्हटल्यावर त्याने नकार दिला. पुढच्या ऱ्हासाचे बी इथेच दिसते.

डिसेंबर २००६ मध्ये तो डेन्व्हरला गेला. कार्मेलो ॲन्थनीबरोबर चेंडू वाटून घेत २००७–०८ मध्ये त्याची सरासरी २६.४ होती आणि संघ ५० सामने जिंकला. म्हणजे वाटून घेणे त्याला जमत नव्हते असे नाही. मग नोव्हेंबर २००८ मध्ये चॉन्सी बिलप्सच्या बदल्यात त्याला डेट्रॉइटने घेतले. टीकाकारांचा सगळा खटला या एका अदलाबदलीवर उभा आहे : बिलप्स आलेला डेन्व्हर संघ विभागीय अंतिम फेरीत पोचला, तर आधीच्या मोसमात ५९ विजय मिळवणारा डेट्रॉइट ३९ वर घसरला. बचाव असा की डेट्रॉइटने त्याला मुख्यतः संपत आलेल्या करारासाठी, पुढल्या वर्षी पैसा मोकळा व्हावा म्हणून घेतले होते. संघाचा ताल वर्षानुवर्षे बिलप्सच्या संथ, मोजक्या खेळावर बसलेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण आयव्हर्सनची सरासरी वर्षभरात १७.५ वर आली, याचे खापर करारावर फोडता येत नाही. तेहतिशी उलटलेल्या, पाठ धरलेल्या त्या लहानखुऱ्या शरीराची पहिल्या पावलाची झेप गेली होती, आणि त्याचा सगळा खेळ त्या एका पावलावर उभा होता. लांबून अचूक नेम ही त्याची शिदोरी कधीच नव्हती. रॉडनी स्टकीमागे बदली म्हणून उतरवल्यावर, यापेक्षा निवृत्त झालेले बरे, असे तो बोलून गेला. पुढे मेम्फिसमध्ये याच कारणावरून तीन सामन्यांतच त्याने संघ सोडला.

सामन्यामागे ४१ मिनिटे ही त्याची कारकीर्दभराची सरासरी. दुखापती अंगावर घेऊन मैदानात राहणे ही त्याची सहकाऱ्यांशी असलेली बांधिलकी. तीच बाकावर बसून दाखवणे त्याला जमले नाही. त्याला स्वार्थी म्हणण्यापेक्षा अहंकारी म्हणणे अधिक नेमके ठरेल.

डिसेंबर २००९ मध्ये तो फिलाडेल्फियाला परतला, पण मुलीच्या आजारपणामुळे २५ सामन्यांनंतर थांबला. तुर्कस्तानच्या बेशिकताश संघाकडून थोडे खेळून ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. फिलाडेल्फियाने २०१४ मध्ये त्याचा ३ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०१६ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला; त्या वेळच्या भाषणात, ब्राउन यांचे ऐकायला लागलो तेव्हा कुठे आपण सर्वोत्कृष्ट ठरलो, अशी कबुली त्याने दिली.