आधी क्रमांक, मग कायदा

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यासाठी दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि छायाचित्र घेतले जाते. कुलूप बिघडले तर बदलता येते. ठसा कसा बदलणार? तरी या नोंदींसाठी संसदेचा कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

त्याआधीच, २०१२ मध्ये, निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सरकारने १९५४ व १९६२ चे निकाल पुढे केले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, अशी बाजू मांडली. ठशांचा वाद बाजूला राहून मुळालाच हात घातला गेला! नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, की हा हक्क अनुच्छेद २१ मध्येच आहे. पुढच्या वर्षी आधार योजना न्यायालयात टिकली. मात्र शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असेही ठरले. मांजरी असो वा टेंभली, प्रवेश-अर्ज छापताना हे लक्षात असलेले बरे.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास त्यात सामान्यतः पालकांची संमती लागते. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही अधिक बंदिस्त केले. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्येच केला होता, म्हणून हे अधिक खटकते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती अधिकारातील बदल लगेच लागू झाला. पालकांच्या संमतीच्या तरतुदीला मात्र अठरा महिन्यांची मुदत मिळाली.