सहा किलोमीटरचा हट्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी टेलिफोन खात्यात लागलो १९७६ साली. आमच्या साहेबांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं आणि त्यात जाडजूड पुस्तकांची रांग होती. भाषा इंग्रजी आणि अतिशय रुक्ष. दर चार वर्षांनी नवा संच यायचा आणि त्याचा रंग वेगळा असायचा. हिरवा होता, मग नारिंगी आला, मग पिवळा, लाल आणि १९८८ साली निळा. सीसीआयटीटी नावाच्या आंतरराष्ट्रीय समितीची ही पुस्तकं. दोन देशांतली एक्स्चेंज एकमेकांशी कोणत्या खुणांनी बोलणार, तारेवर आवाजाची पातळी किती ठेवायची, कोणत्या देशाला फोनचा कोणता क्रमांक द्यायचा, हे सगळं त्यात. परदेशातून फोन लावताना भारतासाठी आधी ९१ फिरवतात ना, तो आकडाही आपल्याला याच समितीकडून मिळालेला. आमच्याकडे काही वाद निघाला की साहेब कुलूप काढत, पान उघडत, आणि वाद मिटे. घरात पंचांगाला जो मान, तोच खात्यात या पुस्तकांना.

एकदा धीर करून मी साहेबांना विचारलं, "सर, हे ठरवतं कोण? आपलं कुणी असतं का तिथे?" त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक जुना लाल खंड काढला. पहिल्या पानावर छापलं होतं : नवी दिल्ली, डिसेंबर १९६०. "ही सभा आपल्याकडे झाली होती," साहेब म्हणाले. "मांडव आपला, चहापाणी आपलं. मसुदे मात्र त्यांचे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

या साऱ्याची सुरुवात झाली एका टेबलापासून. १८५०च्या दशकात फ्रान्सची तार आणि पलीकडच्या बाडेन या जर्मन राज्याची तार एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्ट्रासबुर्गला दोघांचं मिळून एक तारघर होतं. पॅरिसहून आलेला संदेश फ्रेंच कारकून कागदावर उतरवून घ्यायचा, टेबलावरून पलीकडे सरकवायचा, आणि पलीकडचा कारकून त्याचं जर्मन भाषांतर करून तो पुढे ठोकायचा. वीज क्षणात शेकडो मैल जाणारी, आणि टेबलाच्या त्या दोन हातांवर अडलेली! हा खोळंबा सर्वांनाच जाचायला लागला तेव्हा १७ मे १८६५ रोजी पॅरिसला युरोपातल्या २० राज्यांनी एका करारावर सह्या केल्या. मोर्सचं यंत्र सर्वांनी वापरायचं आणि हिशेब फ्रँकमध्ये ठेवायचा, असं ठरलं. आजचा जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ तो हाच.

गंमत अशी की या संघात हिंदुस्थान इंग्लंडच्या आधी आला. इंग्लंडमध्ये तेव्हा तारायंत्र खासगी कंपन्यांच्या हाती होतं आणि करार तर सरकारांमध्ये व्हायचा. हिंदुस्थानात तार सरकारी. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थान १८६९ सालीच सभासद झाला आणि इंग्लंड १८७१ मध्ये, तिथली तार सरकारने ताब्यात घेतल्यावर. अर्थात, हिंदुस्थानच्या पाटीमागे बसलेला अधिकारी इंग्रजच होता.

बिनतारी संदेश आले तेव्हा भांडण पुन्हा पहिल्यापासून. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेचा दौरा आटोपून जहाजाने परत निघाला होता. अध्यक्ष रूझवेल्टना त्याने जहाजावरून आभाराचा संदेश पाठवायला घेतला. किनाऱ्यावरच्या मार्कोनी कंपनीच्या केंद्राने तो घेतलाच नाही, कारण जहाजावरचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं होतं. चक्क राजपुत्राला नकार! जर्मनीने पुढच्याच वर्षी बर्लिनला परिषद बोलावली, आणि १९०६च्या करारात किनाऱ्यावरच्या केंद्राने कोणत्याही बनावटीच्या जहाजाचा संदेश घेतला पाहिजे, हे कलम आलं.

आता थेट माझ्या नोकरीच्या काळात येतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी जगभरातले टेलिफोनवाले पुढच्या पिढीचं जाळं आखत होते. फोन, चित्र, संगणकाची माहिती, सगळं एकाच जाळ्यावरून न्यायचं. त्यासाठी सगळ्याचे सारख्या मापाचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर पत्त्याची चिठ्ठी लावून सोडून द्यायचा. या पद्धतीचं नाव एटीएम. नोटा देणाऱ्या यंत्राशी त्याचा काही संबंध नाही. प्रश्न एवढाच होता की तुकडा केवढा करायचा. अमेरिकेचं म्हणणं, ६४ बाईटचा. युरोपीय, आणि त्यातही फ्रेंच, म्हणत होते ३२.

ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण यामागे दोन देशांचा भूगोल होता. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८००० बाईट या गतीने निघतो. म्हणजे ३२ बाईटचा डबा भरायला ४ मिलिसेकंद लागतात, ६४चा भरायला ८. डबा भरेपर्यंत आवाज थांबून राहतो, आणि उशीर वाढला की आपलाच आवाज प्रतिध्वनी होऊन कानावर येतो. आमच्या पिढीला तो चांगला ठाऊक आहे. पुणे जिल्ह्यात आर्वीला १९७१ साली उपग्रह केंद्र झालं. उपग्रहावरून परदेशी बोलताना प्रतिध्वनी दाबणारं यंत्र नीट चाललं नाही, तर आपला "हॅलो" अर्ध्या सेकंदाने आपल्यालाच परत मिळे. माणसं गोंधळायची, पुन्हा हॅलो म्हणायची आणि मिनिटं वाया जायची. फ्रान्स आकाराने आटोपशीर. डबा लहान असेल तर देशातल्या देशात ती यंत्रं न बसवता चालेल, असा त्यांचा हिशेब. अमेरिका अवाढव्य. त्यांच्याकडे ती यंत्रं होतीच. त्यांना मोठा डबा हवा होता, कारण ५ बाईटची चिठ्ठी प्रत्येक डब्यावर लागणारच, आणि डबा जितका लहान तितकी चिठ्ठ्यांतच जागा जास्त जाणार.

१९८९ साली निकाल लागला. ३२ आणि ६४ यांच्या बरोबर मधला आकडा, ४८. वर ५ची चिठ्ठी, एकूण ५३. तांत्रिक दृष्टीने ४८च का, याला काही उत्तर नाही. भावकीच्या वाटणीत पंचांनी मधोमध दोरी धरावी, तसं ते झालं. फ्रान्सला प्रतिध्वनीची यंत्रं टळली नाहीत आणि अमेरिकेला हवी ती काटकसर मिळाली नाही.

पुढे हे जाळं ठरल्याप्रमाणे जगभर काही पसरलं नाही. इंटरनेटच्या पद्धतीने त्याला मागे टाकलं. पण तो आकडा मात्र आपल्या घरात येऊन गेला. २००५च्या सुमारास बीएसएनएलचं ब्रॉडबँड घेतलं असेल, तर मोडेमच्या पानावर व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ असे दोन आकडे भरल्याचं काहींना आठवेल. ते त्या चिठ्ठीवरचे पत्ते होते. सांगलीतल्या एखाद्या मुलाने गाणं उतरवून घेतलं, की ते ४८-४८ बाईटचे तुकडे होऊनच त्याच्या घरात शिरत होतं. त्या वाटाघाटीत त्याच्या गावाचं अंतर कुणी विचारात घेतलेलं नव्हतं.

नेमक्या याच गोष्टीसाठी मला ५जीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो.

मोबाइलचं मानक ठरतं ते असं. पुढच्या पिढीने काय काय करून दाखवायचं, याची यादी दूरसंचार संघ करतो. मग परीक्षेच्या अटी लिहिल्या जातात. मग वेगवेगळे गट आपापलं तंत्र घेऊन परीक्षेला बसतात. त्यातला सगळ्यात मोठा गट थ्री-जीपीपी, १९९८ साली स्थापन झालेला. युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन इथल्या मानक संस्था त्यात आहेत, आणि २०१५ पासून भारताची टीएसडीएसआयही. आता, परीक्षेत कोण पास होणार हे पुष्कळदा प्रश्नपत्रिकेतच ठरतं, हे शाळेत गेलेल्या कुणालाही सांगायला नको. ५जीच्या प्रश्नपत्रिकेत ग्रामीण भागासाठी अट होती ती अशी : दोन टॉवरमधलं अंतर १७३२ मीटर. हा विचित्र आकडा आला ३च्या वर्गमूळातून. एक किलोमीटर त्रिज्येचे षटकोन शेजारी शेजारी मांडले की त्यांच्या मध्यांतलं अंतर तेवढं भरतं. तासाला ५०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाचाही विचार ग्रामीण भागाच्या अटींमध्ये होता.

आपल्याकडे खेड्यातून अशी गाडी जात नाही आणि पावणेदोन किलोमीटरवर टॉवर उभारणं कुणाला परवडतही नाही. आपली स्थिती निराळी. फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची सरकारी योजना आहे. टॉवर उभा राहिला तर तिथेच राहणार, आणि दोन-तीन किलोमीटरवरच्या वाड्या-वस्त्यांना त्याच्याच भरवशावर राहावं लागणार. म्हणून टीएसडीएसआय आणि मद्रास व हैदराबादच्या आयआयटीतल्या आपल्या लोकांनी हट्ट धरला : प्रश्नपत्रिकेत ६ किलोमीटर अंतराचा प्रश्न घाला. माणसं सावकाश चालणारी, टॉवर लांब लांब. तो प्रश्न २०१७च्या अटींमध्ये आला, आणि ऐच्छिक नव्हे, सक्तीचा म्हणून आला. १७३२ मीटरच्या दोन प्रश्नांपैकी कोणताही एक सोडवा, पण ६००० मीटरचा सोडवलाच पाहिजे. जगातल्या बड्या कंपन्यांना आपली गणितं त्या अंतरासाठी करून दाखवावी लागली. मला विचाराल तर आपल्या दूरसंचाराच्या इतिहासात १९८६ साली कित्तूरला बसलेल्या सी-डॉटच्या ग्रामीण एक्स्चेंजइतकंच याचं मोल आहे. ते एक्स्चेंज वातानुकूलित खोलीशिवाय चालायचं. कारण तेही आपलं ऊन आणि आपली धूळ ठाऊक असलेल्यांनी केलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग जरा अडचणीचा आहे. आपल्या लोकांनी त्या प्रश्नाचं स्वतःचं उत्तरही लिहिलं. अडचण कुठे असते बघा. टॉवरचा आवाज मोठा, तो लांब पोचतो. हातातल्या फोनचा आवाज लहान, तो टॉवरपर्यंत पोचत नाही. फोनमधून निघणाऱ्या लहरीला असा आकार द्यायचा की तेवढ्याच बॅटरीवर तो जोराने बोलू शकेल, अशी ती युक्ती होती. तिच्यासह तयार झालेल्या भारतीय मानकाला ५जीआय नाव मिळालं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दूरसंचार संघाने ज्या तीन तंत्रांना ५जी म्हणून मान्यता दिली त्यांत ते एक होतं. उरलेली दोन्ही थ्री-जीपीपीची.

विरोध झाला तो घरातूनच. आपल्या मोबाइल कंपन्या म्हणाल्या, जगभरचे फोन आणि यंत्रं एका मानकाची असताना आम्ही वेगळं का घ्यायचं? किंमत वाढेल, परदेशातला फोन इथे चालायचा नाही आणि इथला तिथे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. वाटलं, दीडशे वर्षांनी टेबलापाशी जागा मिळाली आणि आपलेच लोक खुर्ची ओढताहेत. मग मात्र प्रिन्स हाइनरिश आठवला. किनाऱ्यावरच्या केंद्राने ओळख न दिलेलं जहाज आपणच होऊन बसलो असतो. कंपन्यांचं म्हणणं निव्वळ नफ्याचं नव्हतं. स्वस्त फोन हाही खेड्यातल्या माणसाचाच प्रश्न आहे. शेवटी २०२१-२२ मध्ये तडजोड झाली : भारतीय मानक वेगळं पुढे न्यायचं नाही आणि त्यातल्या कामाच्या गोष्टी थ्री-जीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत घ्यायच्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सुरू झालं ते थ्री-जीपीपीच्याच मानकावर.

काही जण याला माघार म्हणतात. मला तसं वाटत नाही. ४८ बाईटच्या तडजोडीत आपण नव्हतोच. या तडजोडीत एका बाजूला आपण होतो. अर्थात कागदावर मानक आलं म्हणून माळावर टॉवर उभा राहत नाही. माझ्या आजोळी अजून फोन लावायचा तर देवळाच्या पायऱ्या चढून दीपमाळेपाशी जावं लागतं. तिथे संध्याकाळी ही रांग असते.

आता ६जीच्या प्रश्नपत्रिकेचं काम सुरू आहे. २०२३ मध्ये दूरसंचार संघाने तिचा आराखडा मंजूर केला. त्यात सहा प्रकारचे वापर सांगितले आहेत आणि सर्वदूर जोडणी हा त्यातला एक. त्याचा आग्रह भारताने धरला होता. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाची मानकांविषयीची जागतिक सभा नवी दिल्लीला भरली. भारतात असं पहिल्यांदाच घडतंय, असं त्या वेळी पुष्कळ ठिकाणी वाचलं. सभेचं आजचं नाव आणि रूप धरलं तर ते बरोबरही आहे.

आमच्या कचेरीतलं ते काचेचं कपाट १९९०च्या दशकात रिकामं झालं. हिरवी, नारिंगी, पिवळी सगळी पुस्तकं रद्दीत निघाली. मी एकच खंड मागून घेतला. वाळवीने त्याचा एक कोपरा खाल्ला आहे, पण पहिल्या पानावरचं "नवी दिल्ली, १९६०" अजून स्वच्छ वाचता येतं.