नळीचा अंतर्भाग : धाराशिवच्या बंदुका आणि लष्करी घाटाची हवेची बंदूक

इ. स. १८५३ च्या मे महिन्यांत निजामानें इंग्रजांशीं तह करून वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाचा मुलूख कंपनी सरकारच्या हवालीं केला. त्याच सालचा नमुना म्हणून ओळखली जाणारी एन्फील्ड बंदूक पुढें चार वर्षांनीं काडतुसाच्या चरबीपायीं हिंदुस्थानभर गाजली. नळदुर्गाचा कारभार १८५७ पर्यंत कॅप्टन मेडोज टेलर याजकडे होता, आणि १८६० सालीं हा मुलूख निजामास परत मिळाला. अवधि उणापुरा सात वर्षांचा. तथापि धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या बंदुकांची परीक्षा करणारानें येथूनच आरंभ करावा असें आम्हांस वाटतें. कारण बंदुकीचें बाह्यरूप एक ठेवून आंतलें सामर्थ्य निराळें करण्याची युक्ति इंग्रज सरकारनें याच सुमारास हिंदुस्थानांत योजिली.

१८५३ च्या एन्फील्डच्या नळींत मळसूत्राप्रमाणें वळत गेलेल्या तीन खोबणी असत. त्यामुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाई व लांबवर नेम साधे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांकरितां जो १८५८ चा नमुना काढण्यांत आला, त्याचा कुंदा तोच, घोडा तोच, घाट तोच. मात्र नळी आंतून साफ गुळगुळीत, छिद्र सुमारें.६५ इंच, आणि दूरचा नेम धरण्याची सरकती पट्टी गेलेली. दहा पावलांवरून पाहणारास दोन्हींत कांहीं भेद दिसावयाचा नाहीं. भेद नळीच्या तोंडांत डोकावल्यावर कळतो.

हीच रीत पुढें बोल्टाच्या बंदुकींतही चालली. .३०३ ची दहा गोळ्यांची ली-एन्फील्ड सर्वांस परिचित आहे. परंतु पोलीस व पहारेकरी यांजकरितां बंगाल्यांतील इशापूरच्या कारखान्यांत तिचेंच रूपांतर करून.४१० इंची गुळगुळीत नळीची, एका वेळीं एकच बार भरण्याची बंदूक बनवीत. तीही दिसावयास हुबेहूब ली-एन्फील्ड. अशी बंदूक हातीं आली कीं घरचे लोक तिला 'लष्करी रायफल' म्हणतात, आणि संग्राहकही पुष्कळदां तसेंच टिपून ठेवतात. रायफल हा शब्द आंतल्या खोबणींवरून पडलेला आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे या नांवांतील चूक उघड होते.

आतां इंग्लंडांत याच वेळीं उलट प्रकार घडत होता, तो पाहण्यासारखा आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत शेतकरी बोअरांच्या माउझर बंदुकांनीं इंग्रजी पलटणींस चांगलेंच पाणी पाजलें. तेव्हां नागरिकांस नेमबाजी शिकविण्याकरितां तेथें जागोजाग मंडळ्या निघाल्या. बर्मिंगहॅमची बी. एस. ए. कंपनी ली-एन्फील्डही करी आणि १९०५ पासून हवेच्या बंदुकाही करूं लागली होती. तिनें १९०७ च्या सुमारास लष्करी घाटाची हवेची बंदूक काढली. तींत दारू नाहीं, धूर नाहीं. खालची दांडी ओढली कीं आंतली कमान दबते. चाप ओढतांच कमान सुटून दट्ट्या पुढें धांवतो व त्यानें दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छरा बाहेर पडतो. घरामागच्या अंगणांत अल्प खर्चांत सराव व्हावा, परंतु हाताला संवय मात्र खऱ्या बंदुकीची लागावी, हा हेतु. तेथें दुबळ्या हत्यारास सैनिकाचें रूप दिलें तें प्रजेस सैनिक करण्यासाठीं. येथें सैनिकाच्या हत्यारास दुबळें केलें तें प्रजेविषयींच्या संशयामुळें. एकाच घाटाचे हे दोन उपयोग समोरासमोर ठेविले म्हणजे राज्यकर्त्यांचें मन कोणत्याही खलित्याहून अधिक स्पष्ट वाचतां येतें.

(हवेची बंदूक म्हणजे पोरांचा खेळ असा ग्रह असेल तर तोही सोडावा. ऑस्ट्रियाच्या सैन्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनीची अनेकबारी हवेची बंदूक प्रत्यक्ष चालू होती. बोल्टाची पहिली लष्करी बंदूक, प्रशियाची ड्रायझेकृत, ती १८४१ ची, म्हणजे नंतरची.)

धाराशिवकडे वळूं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापुराकडून आलेल्या हिंदी फौजेनें बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत करून नळदुर्ग घेतला. रझाकारांची संख्या त्या वेळीं दोन लाखांच्या घरांत धरीत. त्यांपैकीं सुमारें चतुर्थांशाजवळच आधुनिक बंदुका असून बाकीच्यांच्या हातीं ठासणीच्या बंदुका व तरवारी होत्या. म्हणून या जिल्ह्यांत सांपडलेली प्रत्येक बंदूक 'पोलीस ॲक्शनच्या वेळची रायफल' ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या सालीं चाललेली बंदूक त्या सालची असेलच असें नाहीं. ती शंभर वर्षांपूर्वीचीही असूं शकेल.

अलीकडे या घोटाळ्यांत आणखी एक भर पडली आहे. जर्मनींतील डायाना कारखान्यानें माउझर ९८ च्या घाटाची हवेची बंदूक बाजारांत आणिली. लांकडी कुंदा, पट्टा अडकविण्याची सोय, सर्व कांहीं जुन्यासारखें. असली वस्तु दहा-वीस वर्षें धुरकट वाड्याच्या भिंतीवर टांगली तर तिजवर वडिलोपार्जितपणाची कळा चढावयास वेळ लागणार नाहीं. ओळख सोपी आहे: छिद्र ४.५ किंवा ५.५ मिलिमीटर, म्हणजे .३०३ हून पुष्कळ बारीक. आणि काडतूस बसण्याची जागाच नाहीं. कायद्याच्या दृष्टीनेंही भेद आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणें .१७७ इंचाहून मोठ्या छिद्राच्या अथवा २० ज्यूलांहून अधिक जोराच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागतो; आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पुराणवस्तु म्हणून सूट आहे ती दुरुस्त करूनही जें हत्यार चालणार नाहीं अशासच.

ठासणीची बंदूक तपासतांना घोडा चढवूं नये व नळींत तोंडाकडून डोळा लावूं नये. प्रथम लांकडी काठी हलकेच आंत सोडून तोंडाशीं खूण करावी, मग तीच काठी बाहेरून नळीस लावावी. खुणेपासून काठीचें टोंक नळीच्या बुडाच्या चार-दोन बोटें अलीकडेच राहिलें, तर आंत जुना बार अद्याप भरलेला असण्याचा संभव आहे. अशी नळी जाणत्याच्या हातून रिकामी करवून घ्यावी आणि त्यानंतरच दिव्याच्या उजेडांत खोबणी आहेत कीं नाहींत हें पाहून टिपणांत नोंद करावी.