डेटाबेसचे चकवे : उत्तर मिळाले, पण ते बरोबर आहे का?

– प्रतिनिधी

एका पतसंस्थेचे एक हजार सभासद आहेत, असे समजू. संस्थेच्या संगणकाला विचारले, 'पुण्यात राहणारे सभासद किती?' उत्तर आले, ६००. मग विचारले, 'पुण्यात न राहणारे किती?' उत्तर आले, ३४०. दोन्ही उत्तरे क्षणार्धात मिळाली. पडद्यावर चुकीचा कोणताही इशारा उमटला नाही. बेरीज मात्र होते ९४०. उरलेल्या ६० सभासदांची नावे दप्तरात आहेत, त्यांच्या ठेवीही आहेत; परंतु संगणकाच्या लेखी ते पुण्यातही नाहीत आणि पुण्याबाहेरही नाहीत. वार्षिक सभेची सूचना या दोन याद्यांवरून धाडली गेली, तर ती या ६० जणांपर्यंत पोहोचणारच नाही.

हा यंत्राचा बिघाड नव्हे. या ६० जणांच्या नोंदीत गावाचा रकाना रिकामा आहे आणि रिकाम्या रकान्याबाबत डेटाबेसचे जे नियम आहेत, त्यांनुसारच हे उत्तर आले आहे. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांचा कारभार आज डेटाबेसवर चालतो. त्यांवर काम करणाऱ्यांना विचित्र त्रुटीसंदेश, रखडणाऱ्या क्वेरी यांचा मनस्ताप रोजचाच असतो. मात्र खरी काळजी करावी ती बिनतक्रार मिळणाऱ्या चुकीच्या उत्तरांची.

सर्वसामान्यांसाठी जन्मलेली भाषा

आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे मूळचे इंग्लंडचे गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावी आणि ती कोठे, कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. तत्पूर्वीच्या प्रणालींमध्ये एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे कसे जायचे, ती वाट प्रोग्रॅमरलाच आखून द्यावी लागे. कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांची मांडणी गणिती होती. ती सर्वसामान्यांना पेलावी म्हणून आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये इंग्रजी वाक्यासारखी वाचता येणारी 'सीक्वेल' ही क्वेरी-भाषा मांडली. लेखापाल, अभियंते, नगररचनाकार अशा प्रोग्रॅमर नसलेल्या मंडळींना ती वापरता यावी, हा हेतू होता. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. 'सीक्वेल' हे नाव ब्रिटनमधील एका विमान कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने पुढे भाषेचे नाव 'एसक्यूएल' झाले. ओरॅकल हे एसक्यूएलवर चालणारे उत्पादन १९७९ मध्ये बाजारात आले. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर या भाषेचे प्रमाणीकरण झाले.

या भाषेत 'कसे शोधायचे' हे सांगावे लागत नाही, 'काय हवे' तेवढे सांगायचे असते. इथेच सोय आहे आणि गोची देखील. वाक्य इंग्रजी वळणाचे असल्याने आरंभी 'अमुक रकाने दे' असे म्हणावे लागते, त्यानंतर तक्त्याचे नाव आणि मग अट. तर्काच्या दृष्टीने डेटाबेस आधी तक्ता पाहतो, नंतर अट लावतो आणि रकाने अखेरीस निवडतो. 'सभासदांच्या यादीतून, पुण्यात राहणाऱ्यांची, नावे दे' हा मराठी वाक्याचा क्रम खरे तर त्या तर्काला अधिक जवळचा! एखाद्या रकान्याला वाक्याच्या सुरुवातीला दिलेले नवे नाव पुढे अटीमध्ये का चालत नाही, या नवशिक्यांच्या नेहमीच्या कोड्याचे उत्तर या उलटसुलट क्रमात आहे.

रिकाम्या रकान्याचे तर्कशास्त्र

रिकाम्या रकान्याला डेटाबेसच्या परिभाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी जागाही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. व्यवहारात विधान खरे असते किंवा खोटे. एसक्यूएलमध्ये मात्र 'अज्ञात' ही तिसरी शक्यता आहे. ज्याचे गाव ठाऊक नाही, तो 'पुण्यात राहत नाही' हे विधान खरे की खोटे? डेटाबेस म्हणतो, अज्ञात. यादीत मात्र अट निःसंशय खरी ठरलेल्या ओळीच येतात. म्हणून ते ६० सभासद दोन्ही याद्यांतून गळाले. 'गाव रिकामे आहे का' असा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारल्याखेरीज ते सापडणार नाहीत. एक नल दुसऱ्या नलच्या बरोबरीचा आहे, हेही डेटाबेस मान्य करत नाही.

यापुढचा चकवा अधिक जीवघेणा आहे. 'थकबाकीदारांच्या यादीत नसलेले सभासद द्या', अशी क्वेरी 'नॉट इन' वापरून लिहिली आणि थकबाकीदारांच्या यादीत एकाच ओळीत सभासद क्रमांक रिकामा राहिला असेल, तर उत्तरात एकही नाव येत नाही. तो रिकामा क्रमांक कोणाचाही असू शकतो, त्यामुळे कोणीही यादीत 'नाही' असे खात्रीने म्हणता येत नाही, हा त्यामागील तर्क. तर्क निर्दोष आहे. पण सायंकाळी साडेसहाला अहवाल द्यायचा असलेल्या कर्मचाऱ्याला तो पडद्यावर कोणी समजावून सांगत नाही.

सरासरी काढतानाही नल वगळले जातात. पाच शाखांपैकी चार शाखांनी प्रत्येकी १०० कर्जप्रकरणे कळवली आणि पाचवीने काहीच कळवले नाही, तर सरासरी १०० येते. पाचव्या शाखेत खरोखरच एकही प्रकरण नसेल, तर ती ८० असायला हवी. खुद्द कॉड यांनाही एकच नल पुरेसा वाटत नव्हता. माहिती आहे पण मिळालेली नाही आणि माहिती असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशा दोन वेगळ्या खुणा असाव्यात, असे त्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सुचवले. एकाने दूरध्वनी क्रमांक सांगितलेला नाही आणि दुसऱ्याकडे दूरध्वनीच नाही, हा तो फरक. ही सूचना एसक्यूएलमध्ये उतरली नाही.

दोन वारस, दुप्पट ठेव

नलमुळे नोंदी गळतात, तर तक्ते जोडताना त्या वाढतात. एका सभासदाची ठेव १०,००० रुपये आहे आणि त्याने दोन वारस नोंदवले आहेत. ठेवींचा तक्ता वारसांच्या तक्त्याशी जोडला की या सभासदाच्या दोन ओळी तयार होतात आणि बेरजेत त्याची ठेव २०,००० रुपये दिसते. क्वेरी व्याकरणदृष्ट्या अचूक असते, म्हणून डेटाबेस हरकत घेत नाही. आकडा फुगला आहे, हे ताळेबंदाशी पडताळून पाहणाऱ्यालाच कळते.

हरकत घेतली जाते, तेव्हाही ती समजतेच असे नाही. एखादा मजकूर रकान्यात मावत नसल्याची तक्रार एसक्यूएल सर्व्हर वर्षानुवर्षे करत असे, परंतु तो कोणत्या रकान्यातील हे सांगत नसे. २०१९ च्या आवृत्तीपासून तक्ता, रकाना आणि मजकूर सांगणारा संदेश प्रमाण झाला. मायएसक्यूएलचा स्वभाव याच्या उलट होता. २०१५ मधील ५.७ या आवृत्तीपूर्वी मूळ मांडणीत तो न मावणारा मजकूर कापून उरलेला साठवत असे आणि केवळ एक सौम्य सूचना नोंदवत असे.

प्रमाण भाषा एकच असली तरी बोली अनेक आहेत. पहिल्या दहा ओळी मागण्यासाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'टॉप', तर मायएसक्यूएल व पोस्टग्रेसमध्ये 'लिमिट' लिहितात. ओरॅकल कोऱ्या मजकुरालाच नल मानतो, इतर प्रमुख डेटाबेस तसे मानत नाहीत. त्यामुळे एका प्रणालीवर चोख चालणारी क्वेरी दुसरीवर नेली, की कधी अडते आणि कधी न अडता वेगळेच उत्तर देते.

'कर'ने संपणारी आडनावे

क्वेरी मंदावण्याचे गणित जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवरून उमगेल. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या डिरेक्टरीत 'गावसकर' चटकन सापडतात. मात्र 'कर'ने संपणारी सर्व आडनावे हवी असतील, तर पहिल्या पानापासून अखेरपर्यंत वाचण्याला पर्याय नाही. डेटाबेसमधील सामान्य सूचीही अशीच सुरुवातीच्या अक्षरांवरून चालते. दोन क्वेरींत दिसायला एका चिन्हाचा फरक असतो, पण एकीला निमिष लागते आणि दुसरीला, तक्ता मोठा असेल, तर कित्येक मिनिटे.

मराठी नावांच्या वाट्याला आणखी अडचणी येतात. 'ज्ञानेश्वर' या नावात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये त्याची दहा चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने ते ३० बाइट व्यापते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी, वेगळे सांगितले नसल्यास, बाइटमध्ये मोजली जाते. म्हणजे ३० लांबीच्या रकान्यात 'ज्ञानेश्वर' नेमके मावतात, 'ज्ञानेश्वरी' मात्र बाहेर राहते.

ॲडव्होकेट या शब्दाच्या आरंभीच्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोवर कोणी हिंदी वळणाचा 'ऍ' वापरला, कोणी 'अ' वर चंद्र दिला. वाचकाला तिन्ही रूपे एकच. डेटाबेसला, एकरूप करून घेतली नाहीत तर, तीन वेगळे शब्द. क्रमवारीचेही तसेच. मराठी वर्णमालेत 'ळ', 'क्ष', 'ज्ञ' हे 'ह' नंतर येतात. निव्वळ सांकेतिक क्रमांकानुसार यादी लावली, तर 'क्षीरसागर' हे 'क' च्या घरात जाऊन बसतात. मराठीचा क्रम हवा असेल, तर तो मुद्दाम निवडावा लागतो.

रोमन लिपीत नोंदी केल्या, तरी सुटका नाही. उच्चारसाधर्म्यावरून नावे शोधणारी 'साउंडेक्स' पद्धत बहुतेक प्रमुख डेटाबेसमध्ये मिळते. तिचे अमेरिकेतील पेटंट १९१८ चे आहे. ती पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवते. परिणामी एकाने 'वाघ' व्हीने आणि दुसऱ्याने डब्ल्यूने लिहिले, तर दोघे तिच्या दृष्टीने परके. गोवा व वसई परिसरातील डिसोझा, डिमेलो यांच्या रोमन आडनावात वर जो स्वल्पविरामासारखा लोपचिन्हाचा टिंब असतो, तो तर एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूण आहे. निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम अशा आडनावावर कोसळतो. याच फटीतून परकी आज्ञा आत घुसवण्याचे 'एसक्यूएल इंजेक्शन' हे तंत्र १९९८ पासून जाहीरपणे ज्ञात आहे. त्यामुळे डिसोझा यांचे नाव न स्वीकारणारा अर्ज हा सुरक्षेतील त्रुटीचाही इशारा समजावा.

कंटाळून तक्त्याकडे

या साऱ्याला कंटाळून अनेक कार्यालये एक्सेलसारख्या तक्त्यांचा आसरा घेतात. तेथील धोका अधिक मोठा असू शकतो. इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी दैनंदिन आकड्यांतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि तिची मर्यादा होती ६५,५३६ ओळी. मर्यादेपलीकडच्या ओळी मुकाट्याने गळाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध त्यामुळे लांबला.

अलीकडे साध्या भाषेतील प्रश्नावरून क्वेरी लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. व्याकरणाचा त्रास त्यांनी निश्चितच कमी केला आहे. मात्र 'पुण्यात न राहणारे' म्हणताना विचारणाऱ्याला ते ६० जण अभिप्रेत होते की नाही, हे त्यालाच ठरवावे लागते.

एवढे कराच

* प्रत्येक अहवालात एकूण नोंदी मोजा. भागांची बेरीज एकूण संख्येशी जुळली पाहिजे.
* अटीतील प्रत्येक रकान्यात रिकाम्या नोंदी किती, ते आधी विचारा. 'नॉट इन' ऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा.
* तक्ते जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ओळींची संख्या तपासा.
* 'अपडेट' वा 'डिलीट' करण्यापूर्वी तीच अट 'सिलेक्ट' मध्ये चालवून पाहा. अट लिहायची राहिली, तर बदल संपूर्ण तक्त्यात होतो. मायएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी व्यवहार सुरू केलेला नसेल, तर तो तत्काळ कायमही होतो.
* तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकी मांडणीत ४ मार्च.
* बॅकअप घेतला, एवढ्यावर विसंबू नका. तो परत उतरवून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली गेली, तेव्हा नेहमीचे बॅकअप निकामी असल्याचे उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले.

पतसंस्थेच्या त्या ६० सभासदांसाठी तिसरी यादी काढायला एका ओळीची क्वेरी पुरते. ती काढावी, हे सुचण्यासाठी कोणीतरी ६०० आणि ३४० यांची बेरीज करून पाहायला हवी.