'नेव्हरमाइंड'चा हिशेब

संगीताचा निवाडा करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु करारपत्रे वाचण्यात आमची उमर गेली आहे, आणि त्याच नजरेने आम्ही 'निर्वाना' या अमेरिकन रॉक बँडच्या 'नेव्हरमाइंड' या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास पाहणार आहोत.

या मंडळींची पहिली ध्वनिमुद्रिका 'ब्लीच' 1989 साली सिएटलच्या 'सब पॉप' या छोट्या कंपनीने काढली. ध्वनिमुद्रणाचा खर्च किती? 606 डॉलर आणि 17 सेंट! बड्या भांडवलापासून अलग असलेल्या अशा कंपन्यांच्या संगीताला 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, म्हणत. तेथे पुष्कळसा व्यवहार विश्वासावर चाले. पण बास वाजवणारा क्रिस्ट नोव्होसेलिक याने लेखी करारच हवा, असा हट्ट धरला. पुढे 1991 साली गेफेन या बड्या कंपनीच्या 'डीजीसी' शाखेने बँड घेतला, तेव्हा त्या कागदामुळे तिला सब पॉपला 75,000 डॉलर आणि पुढील विक्रीतील काही हिस्सा द्यावा लागला. सब पॉप त्या वेळी डबघाईला आली होती. कामगाराने मागितलेला कागद मालकाला तारून गेला, असे उदाहरण आम्ही तरी दुसरे पाहिलेले नाही.

आता बड्या कंपनीची रीत पाहा. ती आरंभी जी रक्कम देते, तिला आमचा ऊसतोड कामगार 'उचल' म्हणेल. स्टुडिओचे भाडे, ध्वनिमुद्रण करून घेणाऱ्याचा मेहनताना, सारे कलावंताच्या रॉयल्टीतून वळते होते. विक्रीच झाली नाही तर कंपनी सहसा घरावर जप्ती आणीत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण उचल फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. हप्ते आपण फेडायचे आणि घर मात्र सावकाराचे!

मे 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'साउंड सिटी' स्टुडिओत काम सुरू झाले. अंदाज सुमारे 65,000 डॉलरांचा होता. खर्च त्याहून पुष्कळ वाढला. काम करून घेणारा बुच विग मोठा चिवट. गायक कर्ट कोबेन एकच ओळ दोनदा गाऊन आवाजावर आवाज चढवायला राजी होईना, तेव्हा जॉन लेननही असेच करीत असे, असे सांगून विगने त्याला वळवले. 'समथिंग इन द वे' हे गाणे तर कोबेनने यंत्रांच्या खोलीतील कोचावर पडून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात गायिले. बाकीची वाद्ये मागाहून त्यावर बसवली.

24 सप्टेंबर 1991 रोजी ध्वनिमुद्रिका निघाली. अमेरिकेत पहिल्या खेपेस सुमारे 46,000 प्रती गेल्या. कंपनीचीही अपेक्षा बेताचीच होती. जानेवारी 1992 मध्ये तिने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढले.

आणि मग घरातलेच भांडण उभे राहिले. गीतांच्या हक्काचे उत्पन्न तिघे समान वाटून घेत असत. 1992 साली कोबेनने तो वाटा बदलून मागितला, तोही मागील तारखेपासून. गाणी बहुतांशी त्याचीच, हे खरे. त्याची मागणी अन्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ठरलेला वाटा मागील तारखेने मोडणे आमच्या मनाला पटत नाही. बँड तेव्हाच फुटायचा, थोडक्यात वाचला.

याच हिशेबात एक नाव राहून गेले होते. 'पॉली' या गाण्याचे ध्वनिमुद्रण साउंड सिटीतले नव्हे. ते एप्रिल 1990 मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसनच्या 'स्मार्ट स्टुडिओ'त झाले होते. तेव्हा ड्रमवर चॅड चॅनिंग होता. नंतर तो बाहेर पडला आणि डेव्ह ग्रोल आला. 'पॉली'तील झांजा चॅनिंगच्याच राहिल्या, पण वेष्टनावर त्याचे नाव आले नाही. 2014 साली बँडला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला, त्या यादीतही तो नव्हता. त्या रात्री ग्रोलने व्यासपीठावरून चॅनिंगचे नाव घेतले आणि 'इन ब्लूम' या गाण्यात आपण वाजवतो ती ड्रमची चाल मुळात त्याची आहे, हे सर्वांसमक्ष सांगितले. चॅनिंग समोर श्रोत्यांत बसला होता.