कंबोडियाची निवडणूक आणि लोकशाहीची भूमी

लोकशाही एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रास देता येते काय? या प्रश्नाच्या चर्चेत जपानचा दाखला हमखास दिला जातो. परंतु जपानमध्ये १८९० पासून संसद होती व १९२५ साली सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळालेला होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आम्हांस कंबोडियाचे उदाहरण अधिक बोधप्रद वाटते. तो बौद्ध देश आहे म्हणून तर ते आपल्या अधिकच जवळचे.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस करार झाला आणि मार्च १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्राधिकरण कंबोडियात दाखल झाले. सुमारे २२,००० सैनिक, पोलीस व अधिकारी आणि सुमारे १६० कोटी डॉलर खर्च, असा तो प्रचंड प्रयोग होता. परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, सार्वजनिक सुरक्षा व माहिती या पाच खात्यांवर प्राधिकरणाचे नियंत्रण राहील असे ठरले होते. प्रत्यक्षात गावचा अंमलदार, पोलीस ठाणे आणि तिजोरी हुन सेन यांच्या पक्षाकडेच राहिली. ख्मेर रूजने तर शस्त्रे खाली ठेवण्यास नकार देऊन निवडणुकीवर बहिष्कारच घातला.

अशा भयाच्या वातावरणात लोक मतदानास आले कसे? याचे श्रेय केवळ निळ्या शिरस्त्राणांना देणे अन्यायाचे होईल. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने भिक्खूंची चीवरे उतरविली, विहार उद्ध्वस्त केले. त्या संहारानंतर उरलेल्या संघातून पूज्य महाघोसानंद पुढे आले. बिहारमधील नालंदा येथे अध्ययन केलेले हे भिक्खू १९९२ साली थायलंडच्या सीमेवरील निर्वासितांसह पायी स्वदेशी परतले. मे १९९३ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, त्यांची दुसरी धम्मयात्रा सिएम रीपहून नॉम पेन्हला पोहोचली. भीती घालविण्याचे हे कार्य कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते! सुमारे ९० टक्के मतदारांनी मत दिले.

निकालात राजपुत्र रणरिद्ध यांच्या पक्षास १२० पैकी ५८ व हुन सेन यांच्या पक्षास ५१ जागा मिळाल्या. पराभूतांनी निकाल नाकारला, पूर्वेकडील प्रांत फुटून निघण्याची धमकी आली आणि अखेर एका देशास दोन पंतप्रधान मिळाले. ही तडजोड मान्य करून प्राधिकरण सप्टेंबरमध्ये परतले. आमच्या मते खरा पराभव येथेच झाला. जुलै १९९७ मध्ये रणरिद्ध यांना बळाने हटविण्यात आले, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमुख विरोधी पक्ष विसर्जित केला, २०१८ मध्ये सर्व १२५ जागा सत्ताधारी पक्षाने घेतल्या आणि २०२३ मध्ये पित्याच्या जागी पुत्र हुन मानेत पंतप्रधान झाले.

पूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते. ञत्ती मांडणे, गणपूर्ती पाहणे, शलाका वाटून मत घेणे हे सर्व विनयात आहे. शलाका वाटणारा भिक्खू कोणी बाहेरचा नसे. पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असा भिक्खू संघ स्वतःतूनच निवडीत असे. नॉम पेन्हमध्ये १९९३ साली मतपेट्या मोजणारे निःपक्षपाती होते, याविषयी आम्हांस शंका नाही. ते मोजून निघून गेले. निकाल पाळावयाचा होता तो हुन सेन यांच्या सैन्याने.